पायथॉनमधील ‘डिक्शनरी’ : सराव आणि चावीची निवड

पायथॉन ही संगणकाची भाषा गिदो व्हान रॉसम यांनी तयार केली. १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती उपलब्ध झाली. माहिती साठविण्याच्या तिच्या मूलभूत रचनांपैकी ‘डिक्शनरी’ ही नवशिक्यांना फार उपयोगी पडते. छापील शब्दकोशात शब्दासमोर अर्थ असतो, तसे येथे ‘चावी’समोर ‘मूल्य’ असते. शोधण्याची रीत मात्र वेगळी आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात वाचक वर्णक्रमाने पाने उलटतो. पायथॉन चावीवरून एक संख्या काढते आणि तिच्या आधारे थेट नोंदीच्या जागी पोहोचते. त्यामुळे नोंदी शंभर असोत की लाख, शोधाला लागणाऱ्या वेळात सहसा फारसा फरक पडत नाही.

परिचित माहितीवर सराव

सरावासाठी आपल्या परिसराची माहिती घेणे सोयीचे ठरते. रायगड जिल्ह्यातील डोलवी हे धरमतर खाडीजवळचे गाव पोलाद प्रकल्पामुळे परिचित आहे. ते व आसपासची गावे घेऊन पुढील डिक्शनरी तयार होते :

तालुका = {"डोलवी": "पेण", "वडखळ": "पेण", "नागोठणे": "रोहा"}

२००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ पासून चलांची नावे देवनागरीत देता येतात, त्यामुळे ही ओळ जशीच्या तशी चालते. ‘गेट’, ‘डेल’, ‘लेन’ यांसारख्या आज्ञा मात्र रोमन अक्षरांतच टाइप कराव्या लागतात.

तालुका["डोलवी"] असे विचारल्यास ‘पेण’ हे उत्तर मिळते. तालुका["कोलाड"] असे विचारल्यास नोंद नसल्याने ‘की-एरर’ ही त्रुटी येते व कार्यक्रम थांबतो. ते टाळण्यासाठी ‘गेट’ वापरून ‘नोंद नाही’ असे पर्यायी उत्तर देता येते. त्यानंतर नवी नोंद घालणे, ‘डेल’ने नोंद काढणे, ‘इन’ने चावी आहे का हे तपासणे आणि ‘फॉर’ने सर्व नोंदी क्रमाने छापणे, असा सराव करावा. नोंदी ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने मिळतील, याची हमी २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून आहे.

त्रुटी न दाखवता होणारी चूक

‘की-एरर’ निदान डोळ्यांना दिसते. खरा धोका न दिसणाऱ्या चुकीचा असतो. डिक्शनरीत एक चावी एकदाच असू शकते. समजा, वादळानंतर पडझड झालेल्या घरांची गावनिहाय यादी करावयाची आहे आणि डोलवी हे नाव पेण व रोहा अशा दोन्ही तालुक्यांच्या कागदांत आले आहे. गावाचे नाव हीच चावी ठेवल्यास दुसरी नोंद पहिलीची जागा घेते. संगणक कोणतीही सूचना देत नाही आणि एका गावाची घरे यादीतून नाहीशी होतात.

यावर उपाय सोपा आहे. ("पेण", "डोलवी") अशी तालुका व गाव मिळून जोडी चावी म्हणून वापरावी. कंसातील अशी जोडी, म्हणजे ‘टपल’, बदलता येत नाही, म्हणून ती चावी होऊ शकते. बदलता येणारी ‘लिस्ट’ चावी म्हणून चालत नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला दिलेला सहा अंकी क्रमांकही चावी म्हणून वापरता येतो.

उलट प्रकारची चूकही होते. ‘वडखळ’ आणि ‘वडखल’ वाचणाऱ्याला एकच गाव वाटते, पण संगणकासाठी त्या दोन चाव्या आहेत. त्याचप्रमाणे ‘डोलवी’तील अक्षरे मोजण्याचा सराव केल्यास तीनऐवजी पाच हे उत्तर येते, कारण ओकार व दीर्घ ईकार यांची चिन्हे स्वतंत्र मोजली जातात.

अखेरची पडताळणी

प्रत्येक सरावाच्या शेवटी मूळ कागदावरील ओळी मोजाव्यात आणि ‘लेन’ने मिळणाऱ्या डिक्शनरीतील नोंदींशी त्यांचा आकडा ताडून पाहावा. नोंदी कमी भरल्यास एखादी चावी दोनदा आली असे समजावे. दोन्ही आकडे जुळल्यावरच यादी पुढे पाठवावी.