वाकळीच्या पोटातलं पांढरं लुगडं



पुढच्या महिन्यात आमच्या घरी पाळणा हलणार आहे. सूनबाई म्हणाली, "आई, सगळं तयार मिळतं, तुम्ही कशाला डोळे शिणवता?" पण बाळंतविड्यात एक तरी दुपटं घरचं हवं, असं माझ्या मनानं घेतलं. तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, त्यात खळ असते. शंभर वेळा धुतलेलं जुनं सुती कापडच अंगाला बरं. म्हणून माळ्यावरची जुनी वाकळ खाली काढली. माझे यजमान, त्यांची भावंडं आणि पुढं माझी दोन्ही मुलं, सगळी याच वाकळीवर लोळली. आता ती ठिकठिकाणी विरली होती. धड तुकडे काढून घ्यावेत म्हणून उसवायला बसले.

वाकळ कधी टाकून देत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. वरचं कापड विरलं की त्यावर दुसरं चढवायचं आणि पुन्हा दोरा घालायचा. त्यामुळं उसवायला लागलं की आपण एकेक थर मागं मागं जातो. मी कॉमर्सची, मला ते जुन्या खतावण्यांची पानं उलटल्यासारखं वाटलं.

सगळ्यात वर टेरिकॉट, माझ्या लग्नाच्या आसपासचं. या कापडातलं पॉलिस्टर इंग्लंडमध्ये १९४१ साली शोधलं गेलं, पण आपल्या गावांपर्यंत यायला बरीच वर्षं लागली. फाटत नाही म्हणून त्याचं केवढं कौतुक! पण घाम शोषत नाही, म्हणून बाळासाठी बाद.

त्याखाली फुलाफुलांचं पॉपलीन. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली, आणि पुढं घराघरातून खडखडाट सुरू झाला. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांची परकर-पोलकी त्याच कापडाची. रंग उडाला होता, पण पोत रेशमासारखा मऊ. रेशमासारखा म्हणते, रेशीम नव्हे. कोश जिवंत उकळून काढलेला धागा आमच्या घरात बाळाच्या अंगाला लावत नाहीत.

त्याखाली जाडंभरडं, गाठीगाठींचं कापड. सासूबाई त्याला 'कंट्रोलचं कापड' म्हणायच्या. दुसऱ्या महायुद्धात कापड महागलं, मिळेनासं झालं, तेव्हा १९४३ साली सरकारनं सुती कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला. त्या काळात चिंधीसुद्धा जपून ठेवत, असं त्या सांगायच्या.

मग आलं इरकली लुगडं, यजमानांच्या आजीचं. इरकलीची खूण म्हणजे पदर अंगाच्या ताण्याला फासे अडकवून जोडलेला असतो. तो जोड अजून घट्ट होता, कापड मात्र बोटाखाली विरघळत होतं.

आणि अगदी पोटात, घडी घालून ठेवलेलं, बिनकाठाचं पांढरं लुगडं.

मी हात थांबवला. आमच्या घरात पांढरं लुगडं एकाच बाईचं होतं. आक्कांचं, म्हणजे माझ्या आतेसासूबाईंचं.

आक्कांचं लग्न झालं तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. सारडा कायदा १९२९ सालीच झाला होता, मुलीचं वय किमान चौदा हवं असं त्यात होतं, पण खेडोपाडी विचारतो कोण? पंधराव्या वर्षी त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं १८५६ सालीच परवानगी दिली होती. तीही कागदावर.

आपल्या समाजात तोवर वाट दाखवणाऱ्या बायका झाल्या होत्या. मुंबईच्या शेठ माणिकचंद हिराचंद यांची मुलगी मगनबाई स्वतः लहान वयात विधवा झाली. वडिलांनी तिला शिकवलं आणि तिनं मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. पुढं सोलापूरचा श्राविकाश्रम पंडिता सुमतीबाई शहा यांनी वाढवला. किती मुली तिथं शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या! आक्कांनाही पाठवावं असं कुणीतरी सुचवलं होतं म्हणे. पण मग घरातलं कोण करणार? आक्का घरीच राहिल्या.

त्यांच्या हातचा धावदोरा तांदळाच्या दाण्यासारखा, एकसारखा. घरातली प्रत्येक वाकळ, प्रत्येक दुपटं त्यांचंच. पण बारशाला त्या पाळण्यापाशी यायच्या नाहीत. स्वयंपाकघरात बसून घुगऱ्या निवडायच्या.

माझ्या थोरल्याच्या वेळची गोष्ट सांगते. आक्कांनी आपल्या जुन्या लुगड्याचं एक दुपटं शिवून माझ्या हातात दिलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "ते राहू दे बाजूला. पांढऱ्याचं नको पहिलं." मी बी.कॉम. झालेली, वर्गात वादविवादात बक्षीस घेतलेली. पण तोंड उघडलं नाही. दुपटं कपाटात ठेवलं. आक्कांनी कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. त्यांना जाऊन आता खूप वर्षं झाली.

आपल्या आर्यिका माताजीही एका पांढऱ्या साडीतच असतात. त्या गावात आल्या की आपण पायघड्या घालतो, बाळाला त्यांच्या दर्शनाला नेतो. तेच पांढरं घरातल्या आक्कांच्या अंगावर असलं की अशुभ कसं? रंग तर एकच. हा प्रश्न मला तेव्हा सुचायला हवा होता.

आता त्या वाकळीकडं बघते तर आतल्या थराचे टाके आक्कांचेच. यजमान जन्मले तेव्हा त्यांनी आपलं लुगडं मधोमध घालून वर बाकीची कापडं शिवून टाकली असणार. सासूबाईंना माहीत होतं का? असेलही. म्हणजे घरातलं प्रत्येक बाळ आक्कांच्या पदरावरच झोपलं, आणि आम्ही मात्र शुभ-अशुभाचा हिशेब मांडत बसलो.

दुपटं झालं. करायला सोपं आहे. पॉपलीन आणि त्या पांढऱ्या लुगड्याचे साडेपाच इंचांचे ४२ चौकोन कापले, सहा आणि सात असे जोडले. शिवणीत पाव-पाव इंच जाऊन ३० बाय ३५ इंचांचं होतं. आत मऊ सुती साडीचे तीन पदर, खाली एक अखंड तुकडा. कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत यायचं, ओळीत बोटभर अंतर ठेवायचं. दोऱ्याच्या गाठी आत लपवायच्या, बाळाचं नख अडकतं. शिवण्याआधी सगळं कापड गरम पाण्यातून काढायचं. माझे टाके आक्कांसारखे बारीक नाहीत, वाकडेही गेलेत.

पांढरे चौकोन या वेळी आत घातले नाहीत. वर घातले, मधोमध, नजरेत येतील असे.

काल सूनबाईनं त्यावरून हात फिरवला. "हे पांढरं किती मऊ आहे आई, कुणाचं?"

मी तिला शेजारी बसवलं आणि आक्कांचं नाव सांगितलं.