घरगुती प्रवाळांच्या दीपयोजनेचा पूर्वेतिहास

1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, तेव्हा दिव्यांची तजवीज हा मोठा प्रश्न झाला नाही. कारण तेथील समुद्रफुले इंग्लंडच्या थंड किनाऱ्यावरची असून मंद उजेडातही त्यांचा निर्वाह होत असे. उष्ण कटिबंधातील प्रवाळांची गोष्ट निराळी. त्यांच्या ऊतींत वास करणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशात अन्न सिद्ध करून त्याचा मोठा हिस्सा यजमानास देतात, आणि हा पुरवठा खुंटला की प्रवाळ क्षीण होत जाते.

जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 साली खाऱ्या पाण्याच्या टाकीची आपली पद्धती प्रसिद्ध केली, तीत सूक्ष्मजीवांनी वसलेले सजीव खडक, हवेचे बुडबुडे आणि विषुववृत्ताचे फुकटचे ऊन एवढाच सरंजाम होता. परंतु जे त्यांस अनायासे लाभले, ते युरोपातील शौकिनांस विकत घेणे भाग पडले. पुढे बर्लिनच्या मंडळींनी, एरवी क्रीडांगणे उजळणारे मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे टाक्यांवर टांगले. उजेड मुबलक मिळाला, मात्र पाणी तापू लागले आणि विजेचे देयकही! जोडीस 420 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देणाऱ्या नळ्या आल्या. स्वच्छ सागरात खोलवर पोहोचतो तो निळाच, हे त्यामागील प्रयोजन. 1993 साली जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी सिद्ध झाल्यावर कालांतराने या दोन्ही साधनांचा अंमल ओसरला. तथापि मऊ प्रवाळांवर ॲक्रोपोरा या कठीण प्रवाळास मानवणारा प्रखर झोत एकाएकी सोडण्याची हौस, माझ्या मते, निव्वळ उधळपट्टी होय. प्रकाश हप्त्याहप्त्याने वाढवावा.