जनरेटर सुरू का होत नाही?

८ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर मॅटागोर्डाजवळ धडकले आणि ह्यूस्टन परिसरातील २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. काहींच्या घरी ती परतण्यास आठवड्याहून अधिक काळ लागला. अशा वेळी गॅरेजच्या कोपऱ्यातला जनरेटर बाहेर काढला जातो, दोरी पंधरा-वीस वेळा ओढली जाते आणि यंत्र काही केल्या दाद देत नाही. यंत्र बिघडले, असा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असते. बिघडलेले असते ते पेट्रोल.

त्याआधी काही साध्या गोष्टी पाहणे इष्ट. इंजिनचा स्विच चालू आहे ना, पेट्रोलची तोटी उघडी आहे ना आणि थंड इंजिनासाठी चोक ओढला आहे ना, एवढे पाहण्यास मिनिटही लागत नाही. मग ऑइल. बहुतेक जनरेटरमध्ये ऑइल कमी होताच ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. त्यामुळे दोष स्पार्क प्लगचा वाटतो आणि नवा प्लग विकत आणला जातो. यंत्र उतारावर ठेवले तरी हा सेन्सर फसू शकतो. नवे जनरेटर सामान्यतः ऑइल न भरताच विकले जातात, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. चेतक स्कूटर तिरकी करून किक मारणाऱ्या पिढीचा तो उपाय मात्र येथे करू नये. जनरेटर आडवा केल्यास ऑइल सिलिंडरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये शिरते.

आता पेट्रोल, ज्याला अमेरिकेत ‘गॅस’ म्हणतात. तेथील पंपांवरील सर्वसाधारण पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पेट्रोलचे हलके घटक काही आठवड्यांपासूनच उडू लागतात. काही महिन्यांत कार्ब्युरेटरच्या तळाशी चिकट, रोगणासारखा थर उरतो. कार्ब्युरेटरमधील मुख्य जेटचे छिद्र सुईच्या अग्राएवढे बारीक असते. ते बुजण्यास तेवढा थर पुरेसा होतो.

इंजिनाच्या वागण्यावरून हा दोष ओळखता येतो. चोक ओढलेला असताना ते चालते आणि चोक सोडताच बंद पडते, तेव्हा पेट्रोल अपुरे पोहोचत असते. भार नसतानाही आवाज सतत चढत-उतरत राहिला, तर जेट अर्धवट बुजलेले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी इंजिन थंड असताना तोटी बंद करावी, कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावे आणि न्याहाळावे. तळाशी पाण्याचे थेंब दिसले किंवा आंबूस दर्प आला, तर टाकीही रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे. तेवढ्याने काम झाले नाही, तर जेट काढून कार्ब्युरेटर क्लीनरने धुवावे. जाड तारेने छिद्र रुंद करू नये. अनेक प्रचलित मॉडेलांचा संपूर्ण नवा कार्ब्युरेटरही स्वस्तात मिळतो, आणि वादळाच्या धावपळीत तो बदलणे अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते.

दहा-वीस मिनिटे नीट चालून बंद पडणाऱ्या आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होणाऱ्या यंत्राचे कारण निराळे असते. टाकीच्या झाकणातील हवेची वाट बुजली की आत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. इंजिन निवल्यावर झाकण सैल करताना हवा आत खेचली गेल्याचा आवाज आला, तर निदान झालेच. काही लहान मॉडेलांच्या झाकणावर हवेसाठी वेगळी खटकी असते. ती बंदच राहून गेलेली असते.

स्पार्क प्लग काढल्यावर पेट्रोलने ओला दिसला, तर चोक अति झाला आहे. प्लग पुसून, थोडे थांबून, चोकविना दोरी ओढावी. काळा पडलेला प्लग बदलावा, त्यासाठी फार खर्च येत नाही.

एक ‘बिघाड’ मात्र दुरुस्त करायचाच नसतो. अलीकडच्या अनेक जनरेटरमध्ये कार्बन मोनॉक्साइड ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. यंत्र बंद पडून या सेन्सरचा लाल दिवा लागला, तर विषारी वायू साचू लागला आहे, असा त्याचा अर्थ. सेन्सर निकामी करणे म्हणजे जिवाशी खेळ. या वायूला रंग नाही, वास नाही; डोकेदुखी, मळमळ आणि भोवळ यांना दिवसभराचा शीण समजून माणसे झोपी जातात. पाऊस आहे म्हणून ‘सुरू होतो का एवढेच पाहू’ असे म्हणत गॅरेजमध्ये केलेली चाचणीही धोक्याची. दार उघडे ठेवूनही. घरापासून किमान २० फूट दूर, धुराड्याचे तोंड खिडक्या-दारांपासून विरुद्ध दिशेला आणि घरात बॅटरीवर चालणारा अलार्म, ही व्यवस्था दोरी ओढण्यापूर्वी व्हायला हवी.

अटलांटिकमधील वादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. तो संपला की तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे आणि कार्ब्युरेटरच्या तळाचे उरलेले पेट्रोल काढून टाकावे. टाकीत पेट्रोल ठेवायचेच असेल, तर ते ताजे असतानाच स्टॅबिलायझर मिसळून इंजिन काही मिनिटे चालवावे; शिळ्या पेट्रोलात तो घालून उपयोग नाही.