पदकाच्या कडेवरील नांव

जुन्या लष्करी पदकाची ओळख त्याच्या दर्शनी बाजूवरून पटत नाहीं. पुढें राजाचा मुखवटा, मागें घोडेस्वार. हीं चित्रें लाखों पदकांवर सारखींच असतात. पदक हातांत घेऊन उजेडाकडे आडवें धरावें आणि त्याची कड हळूहळू फिरवावी, म्हणजे बारीक अक्षरांत एक क्रमांक, एक हुद्दा, एक नांव आणि एक पलटण वाचावयास मिळते. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर अशीं अक्षरें आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारनें आपल्या देशांतील सैनिकांना पदकें दिलीं तीं नांव न कोरतां दिलीं. हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नांव कोरलें गेलें.

श्रोतेहो, आज मी बोलणार आहें तें या कडेवरील अक्षरांविषयीं. सैनिकानें ज्या मोहिमेंत भाग घेतला तिची नोंद त्याच्या सेवापत्रकांत असावी, आणि त्याला मिळालेल्या किंवा मिळावयास हव्या असलेल्या प्रत्येक पदकाचा तींत उल्लेख असावा, ही अपेक्षा अगदीं साधी आहे. परंतु ती पुष्कळदां पुरी होत नाहीं. कधीं पदक घरांत असतें पण कागदावर नसतें; कधीं मोहीम कागदावर असते पण पदक घरीं आलेलेंच नसतें. म्हातारा सैनिक म्हणतो, "मी तेथें होतों." कारकून म्हणतो, "कागदांत तसें दिसत नाहीं." दोघेही खरें बोलत असतात. या दोन वाक्यांमधील अंतर कशानें पडतें, आणि तें भरून काढण्याचें काम कोणाचें, हें आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम कागदच कसा वाट चुकतो तें पाहूं. मांजरा नदीच्या कांठचें कळंब घ्या. हें गांव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत, उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. १९५६ सालीं तें मुंबई राज्यांत आलें, १९६० सालीं महाराष्ट्रांत, आणि २०२३ सालीं त्याच्या जिल्ह्याचें नांव धाराशिव झालें. जुन्या इंग्रजी कागदांत या गांवाचें नांव 'कल्लम' असेंही आढळतें. शिवाय तालुक्याचें दुसरें एक कळंब यवतमाळ जिल्ह्यांत आहे आणि पुणें जिल्ह्यांतही कळंब आहेच. भरतीच्या कागदावर नुसतें 'कळंब' एवढेंच लिहिलेलें असलें, तर पुढल्या पिढीच्या कारकुनानें तें कोणत्या जिल्ह्यांत शोधावें?

गांवाचें जें, तेंच माणसाच्या नांवाचें. निजामी राज्याचा कारभार उर्दूंत चाले, घरचा कागद मोडींत असे, आणि पलटणीची यादी इंग्रजींत होई. आपल्या 'ळ'ला इंग्रजींत स्वतंत्र अक्षर नाहीं; म्हणून काळे आणि काले हे दोघे त्या यादींत एकाच रूपानें उभे राहतात. मोठ्या कीर्तीच्या माणसांचीही यांतून सुटका झालेली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे यशवंत घाडगे यांचें आडनांव कोठें घाडगे, तर कोठें घाटगे असें छापलेलें आढळतें. नामदेव जाधव यांचें इंग्रजी गॅझेटांत 'जाधाव' असें झालें आहे. ज्यांचें शौर्य साऱ्या साम्राज्यानें वाचलें त्यांच्या नांवाची ही अवस्था, मग साध्या शिपायाची काय असेल?

तिसरी अडचण पलटणींच्या नांवांची. १९२२ सालीं हिंदी लष्कराची फेररचना झाली, तेव्हां १०३ वी मराठा पलटण '५ वी मराठा लाइट इन्फंट्री' या रेजिमेंटची पहिली बटालियन झाली आणि ११० वी तिसरी झाली. त्याच वेळीं नांव मिळालेली १९ वी हैदराबाद रेजिमेंट १९४५ सालीं कुमाऊं रेजिमेंट झाली. आजोबांच्या कागदावर 'हैदराबाद' वाचून नातू हैदराबादेस जातो, आणि त्या पलटणीचें केंद्र मात्र हिमालयाच्या अंगावर राणीखेतला असतें. गांव तेंच, माणूस तोच, सेवा तीच. परंतु कागदावरचीं तिन्ही नांवें बदललेलीं.

आतां यापेक्षां खोल अशा दुसऱ्या कारणाकडे वळूं. कांहीं नोंदी हरवल्या नाहींत. त्या करावयाच्याच नाहींत असें ठरलें होतें. ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या लढायांसाठीं १८५१ सालीं 'आर्मी ऑफ इंडिया' नांवाचें पदक मंजूर झालें. त्याच्या फितीवरील पट्ट्यांवर असई, अडगांव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगांव हीं आपल्या परिचयाचीं नांवें आहेत. असईची लढाई १८०३ सालची. त्या दिवशीं वीस वर्षांचा असलेला शिपाई पदक मंजूर झालें तेव्हां अडुसष्ट वर्षांचा झाला होता. आणि पदक तर तोंपर्यंत हयात असलेल्यांनाच मिळावयाचें होतें. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत जे वारले, त्यांच्या सेवेचा उल्लेख त्या पदकाच्या यादींत आला नाहीं. तसेंच व्हिक्टोरिया क्रॉसचें. तो १८५६ सालीं स्थापन झाला. परंतु हिंदी सैनिक त्यास पात्र ठरला तो १९११ सालीं. त्यापूर्वीं त्याच्यासाठीं १८३७ पासून चालत आलेली 'ऑर्डर ऑफ मेरिट' होती. मधल्या पंचावन्न वर्षांच्या यादींत आपलीं नांवें नाहींत, हा कारकुनाचा दोष नव्हे, नियमाचा आहे. इतिहास वाचतांना या दोन प्रकारच्या रिकाम्या जागा वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

नियमानें रिकाम्या ठेवलेल्या जागेचें सर्वांत मोठें उदाहरण इराकांत उभें आहे. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर जी सहावी पुणें डिव्हिजन गेली, तींत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजीं तैग्रिस नदीच्या वळणावरील कूट या गांवीं त्यांना तुर्की फौजेचा वेढा पडला. सुमारें पांच महिने अपुऱ्या अन्नावर काढल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजीं कूट पडलें आणि सुमारें १३,००० माणसें कैद झालीं. वेढ्यांत कित्येक मेले, वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत बाहेरून आलेले कित्येक मेले, आणि कैदेंतल्या पायपिटींत तर फारच मेले.

या मोहिमेंत मरण पावलेल्या व ज्यांची अंतिम जागा माहीत नाहीं अशा ४०,५०० हून अधिक माणसांचें स्मारक १९२९ सालीं बसऱ्याजवळ उभारलें गेलें. १९९७ सालीं तें मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटांत नेण्यांत आलें. या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांचीं नांवें आहेत, अगदीं साध्या शिपायापर्यंत. हिंदी अधिकाऱ्यांचींही नांवें आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या आहे. अमुक पलटण, आणि पुढें एक आंकडा. जो आयोग हीं स्मारकें उभारीत होता त्याचें तत्त्वच असें होतें कीं, मृतांमध्यें हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद करावयाचा नाहीं. तत्त्व कागदावर राहिलें आणि दगडावर आंकडा आला.

या आंकड्याचा अर्थ काय, तें त्याच पलटणींच्या पुढच्या पिढीवरून कळतें. कूटमधील ११० वी पलटण म्हणजे पुढें पांचव्या मराठ्यांची तिसरी बटालियन, हें आपण मघां पाहिलें. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतील सर्व माणसें शत्रूच्या मशीनगनपुढें पडलीं. ते एकटे पुढें धांवले, मशीनगन बंद पाडली, काडतुसें भरावयास वेळ उरला नाहीं तेव्हां बंदुकीच्या दस्त्यानें लढले, आणि तेथेंच गोळी लागून मेले. त्यांचें थडगें नाहीं. पण कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचें नांव आहे. कूटमधील दुसरी, म्हणजे १०३ वी पलटण, ती पांचव्या मराठ्यांची पहिली बटालियन. तिचे नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं दोन जखमी सोबत्यांना पाण्यांतून व सुरुंगांतून वाहून आणलें आणि मग मशीनगनचीं तीन ठाणीं मोडलीं. या दोघांच्या पराक्रमाचा तपशील आपणांस मिनिटामिनिटाचा ठाऊक आहे. कारण कोणीतरी तो पाहिला, लिहून काढला, आणि वर पाठविला.

कूटमध्यें असे घाडगे आणि असे जाधव नव्हते असें कोण म्हणेल? पाहणारा मेला, लिहिणारा कैद झाला, आणि पुढें ज्याला दगडावर नांवें कोरावयाचीं होतीं त्यानें आंकडा पुरे म्हटलें. तेव्हां पदकांची यादी ही शौर्याची यादी नव्हे; ती साक्षीदार लाभलेल्या शौर्याची यादी आहे. ज्याचें नांव तींत नाहीं त्याला त्याच्या कमीपणाचा पुरावा समजणें हा अन्याय होय.

ही चूक मान्य व्हावयास शतक जावें लागलें. २०२१ च्या एप्रिल महिन्यांत त्या आयोगाच्या खास समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी, आफ्रिकन व मिसरी अशा ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण असमान रीतीनें झालें, आणि आणखी निदान १,१६,००० मृतांचें नांवानिशीं स्मरण झालेंच नाहीं किंवा मुळींच झालें नाहीं, असा त्या समितीचा अंदाज होता. आयोगानें क्षमा मागितली आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीं पार्लमेंटांतही ती मागितली. नांवें शोधण्याचें काम त्यानंतर हातीं घेण्यांत आलें.

उशिरां केलेली दुरुस्ती व्यर्थ असते असें कोणी समजूं नये. अमेरिकेंत १९४६ सालींच कायदा झाला, आणि लष्करी नोंदींतील चूक किंवा अन्याय दूर करण्यासाठीं बिनलष्करी सभासदांचीं मंडळें नेमण्याची तरतूद झाली. तेथेंही कागदांचा नाश झालाच. १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई येथील अभिलेखागारास आग लागली आणि सुमारें १ कोटी ६० लक्ष ते १ कोटी ८० लक्ष सैनिकांच्या फायली जळाल्या. परंतु सरकारनें "कागद जळाला, तुमची सेवाही जळाली" असें म्हटलें नाहीं. पगारपत्रकें, रुग्णालयांच्या नोंदी, पलटणींच्या रोजच्या हजेऱ्या यांवरून तुटलेली नोंद पुन्हां जोडण्याची रीत पाडली. जेथें नोंदीआड वर्णभेद उभा होता तेथेंही पुन्हां तपासणी झाली. दुसऱ्या महायुद्धांत एकाही कृष्णवर्णीय सैनिकास तेथील सर्वोच्च पदक मिळालें नव्हतें. तें १९९७ सालीं सात जणांस देण्यांत आलें. त्या सातांपैकीं एकच, व्हर्नन बेकर, तें घ्यावयास हयात होते.

आपल्याकडेही वाट आहे. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज जातो. मराठा पलटणीचें केंद्र बेळगांवीं आहे. तेथें दाद न लागल्यास २००७ च्या कायद्यानें स्थापन झालेलें सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे आणि त्याचें एक पीठ मुंबईस आहे. परंतु अर्जाला बळ येतें तें पुराव्यानें. सेवामुक्तीचें पुस्तक, निवृत्तिवेतनाचा आदेश, जुनें पगारपत्रक, गॅझेटांतील ओळ, पलटणीची युद्धरोजनिशी, आणि पदक असल्यास त्याच्या कडेवरील क्रमांक. हे पुरावे एकमेकांशीं जुळले तर नांवांतील एका अक्षराचा फरक आड येऊं नये.

हा पुरावा काटेकोरपणें मागितला जातो याबद्दल खऱ्या सैनिकानें रागावूं नये. कळंबच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठीं खोटे दावे झाल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००५ सालीं तिचा निकाल लागला. खोटें नांव यादींत शिरलें कीं खऱ्या नांवाचें मोल उतरतें, आणि पुढल्या खऱ्या अर्जाकडेही संशयानें पाहिलें जातें. तपासणी कडक असावी. पण तपासणीच्या ओझ्याखालीं सारा पुरावा गोळा करण्याचें काम ऐंशी वर्षांच्या माणसावर टाकूं नये. सेवा त्यानें केली. दप्तर सरकारचें होतें. दप्तरांतील चूक दुरुस्त करणें हा सरकारचा उपकार नव्हे, तें राहिलेलें देणें आहे.

घरांतल्या माणसांचेंही एक काम आहे. पहिल्या महायुद्धाचें एक पदक सुमारें औंसभर चांदीचें असे, आणि चांदीच्या मोहानें अशीं पदकें वितळलीं, त्यांबरोबर कडेवरचीं नांवेंही वितळलीं. तुमच्या घरांतील ट्रंकेंत असें एखादें पदक असेल तर तें मोडीला देण्यापूर्वीं कड वाचा व उतरून घ्या. म्हातारे सैनिक घरांत असतील तर कोणत्या सालीं, कोणत्या पलटणींत, कोणत्या ठिकाणीं होतां, हें त्यांना आज विचारा आणि गांवाच्या नांवापुढें तालुका व जिल्हा लिहून ठेवा. बसऱ्याच्या दगडावरील प्रत्येक आंकड्यांत कोणाच्या तरी घरचें एक नांव दडलेलें आहे, आणि तें विचारावयाचें त्याच्या घरीं एकदां राहून गेलें आहे.