आस्कंद (तळटीप)
* आस्कंद : अश्वगंधा. नांदेड-लातूरकडे पडीक रानात, बांधावर आपोआप उगवते. दुकानातली जाड, पिठूळ मुळी मात्र बहुधा नीमच-मंदसौरकडची. चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम. मुळी उष्ण, म्हणून दुधातून देतात. अंगात कडकी, पित्त किंवा मराठवाड्याचा मे महिना असला की वैद्य शीत गुणाच्या शतावरीकडे वळतात. भूक मेलेली असेल तर दोन्ही जड. आधी सुंठ-पिंपळीने अग्नी जागवायचा, ही पायरी गिऱ्हाईक हमखास गाळते. गरोदरपणी किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असताना आस्कंद मनाने घेऊ नये. थकवा हटतच नसेल, तर चूर्ण बदलण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.