दारात झाड असलेलं घर

२०२१च्या पावसाळ्याआधी बाबांनी मला एक पीडीएफ पाठवली. सोबत एकच ओळ : "वाचून सांग, घ्यायची का." घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की वायफायच्या पासवर्डपासून विम्याच्या कागदांपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडतं. त्यात आमच्या घराला विमा हा प्रकारच नवीन होता. तो सुचायला चक्रीवादळ यावं लागलं.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मी पुण्यात होतो आणि दोन दिवस श्रीवर्धनकडचा एकही फोन लागत नव्हता. लागला तेव्हा कळलं की माणसं सुखरूप आहेत. निम्मी कौलं गेली, पडवी बसली, गडगा दोन ठिकाणी कोसळला, पंपाची शेड शेजारच्या वाडीत सापडली. बावीस माडांपैकी नऊ उभे राहिले. पोफळी बाबांनी मोजल्याच नाहीत. कौलं दिवाळीपर्यंत बसली. वाडीत मात्र अजून डोक्यावर थेट ऊन येतं.

ती पीडीएफ 'भारत गृह रक्षा' या पॉलिसीची होती. १ एप्रिल २०२१पासून विमा नियामकाने लागू केलेला हा नमुना. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर एकच. मी तो कोड वाचतात तसा वाचला, म्हणजे आधी व्याख्या. 'घर' म्हणजे नुसत्या चार भिंती नाहीत. गॅरेज, पडवी, कंपाउंडची भिंत, कुंपण, फाटक, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, सोलर पॅनल, आवारातला रस्तासुद्धा त्यात येतो. म्हणजे आमचा गडगा आला. मग मी झाड शोधलं. ते मालमत्तेच्या यादीत नव्हतं, धोक्यांच्या यादीत होतं : वाहन, विमान, पडणारं झाड अशा बाहेरच्या वस्तूचा आघात. माड कौलांवर पडला तर कौलांचे पैसे मिळतील, माडाचे नाहीत. चोरीच्या कलमात आणखी एक मेख. वादळासारख्या आपत्तीनंतर सात दिवसांत झालेली चोरी भरून मिळते, पण घराबाहेर ठेवलेली वस्तू त्यातून वगळलेली.

संध्याकाळी फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. आजी पलीकडून ऐकत होती. तिने विचारलं, "अरे, पण माडांचं काय?"

मला उत्तर देता येईना. मग मी ते इतिहासात शोधायला लागलो.

घराचा विमा जन्मला आगीतून. सप्टेंबर १६६६मध्ये लंडनमध्ये एका बेकरीत आग लागली आणि चार दिवसांत सुमारे १३,२०० घरं जळाली. त्यानंतरच्या बांधकामात ज्यांनी हात धुऊन घेतले, त्यांतला एक निकोलस बार्बन. पेशाने डॉक्टर, वृत्तीने बिल्डर. १६८०च्या सुमारास त्याने 'फायर ऑफिस' काढलं. दर सरळ होता : विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के, लाकडी घराला पाच. म्हणजे विमा सुरुवातीपासूनच नुसते पैसे देत नव्हता; घर कसं बांधावं, हेही हळूच सांगत होता. पण हा विमा फक्त इमारतीचा. घरातल्या सामानाचा आणि मालाचा विमा चार्ल्स पोवीने १७०८मध्ये सुरू केला आणि १७१०मध्ये त्यातूनच 'सन फायर ऑफिस' उभं राहिलं. आधी भिंती, मग भिंतींच्या आतलं. भिंतीबाहेरच्या गोष्टींचा नंबर फार उशिरा लागला.

झाडाची गाठ पडली ती अमेरिकेत. १७५२मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात एक परस्पर विमासंस्था काढली, 'फिलाडेल्फिया काँट्रिब्युशनशिप'. सभासदांनी पैसे एकत्र ठेवायचे, ज्याचं घर जळेल त्याला त्यातून द्यायचे. आपल्या भिशीचा गंभीर मोठा भाऊ म्हणा. विमा असलेल्या घरावर शिशाची खूण ठोकलेली असे : एकमेकांची मनगटं धरलेले चार हात.

१७८१मध्ये या संस्थेने ठराव केला की ज्या घरासमोर झाडं आहेत, त्याचा विमा उतरवायचा नाही. कारण अगदी व्यवहाराचं होतं. आग विझवायला आलेल्या लोकांना फांद्या आडव्या येत, पाण्याचा झोत वरपर्यंत पोचत नसे. (फ्रँकलिन तेव्हा फ्रान्समध्ये होता, त्यामुळे हा निर्णय त्याच्या माथी मारायला नको.) सभासदांपुढे दोनच पर्याय उरले : झाड तोडा, नाहीतर विमा सोडा.

काही जणांनी तिसरा शोधला. १७८४मध्ये त्यांनी दुसरी संस्थाच काढली, 'म्युच्युअल अश्युरन्स कंपनी'. झाड असलं तरी विमा देऊ, फक्त थोडे जास्त पैसे घेऊ. त्यांची खूण म्हणजे एक हिरवं झाड आणि लोक तिला 'ग्रीन ट्री' म्हणूनच ओळखू लागले.

हे वाचून मी खूश झालो होतो. सावलीसाठी जास्तीचा हप्ता भरायला तयार असलेली माणसं! पण नीट विचार केल्यावर जाणवलं, की इथेही विमा झाडाचा नव्हताच. तो होता घराचाच. झाड पहिल्या संस्थेसाठी अपात्रता होतं, दुसरीसाठी वाढीव जोखीम. माझ्या पीडीएफमध्येही ते त्याच रांगेत उभं होतं.

झाड स्वतः मालमत्ता झालं ते विसाव्या शतकात. १९५०मध्ये अमेरिकेत आग, चोरी, दायित्व असे वेगवेगळे विमे एकाच 'होमओनर्स' पॉलिसीत बांधायला सुरुवात झाली. तिथल्या आजच्या प्रचलित नमुन्यात झाडं, झुडपं, हिरवळ यांना खास कलम आहे : सगळी मिळून घराच्या विमारकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत, एका झाडामागे जास्तीत जास्त ५०० डॉलर. पण कशामुळे नुकसान झालं तर? आग, वीज, स्फोट, दंगल, विमान, परक्याची गाडी, तोडफोड, चोरी. वारा त्या यादीत नाही. झाडं सर्वात जास्त ज्याने पडतात, नेमका तोच.

यात लबाडीपेक्षा गणित जास्त आहे. विमा चालतो तो शंभरातल्या एकाचं जळतं आणि नव्याण्णवांचे पैसे त्याला मिळतात म्हणून. वादळात शंभरच्या शंभर वाड्या एकाच दुपारी आडव्या होतात. शिवाय कौल फुटलं तर दुकानातून तसंच कौल आणता येतं. चाळीस वर्षांचा माड कुठल्या दुकानात मिळतो?

मग अशा वेळी सरकारकडे बघायचं. 'निसर्ग'नंतर राज्याने फळबागांची मदत हेक्टरी ५० हजारांवर नेली. पण आमच्याकडे वाडी गुंठ्यांत मोजतात; हिशेब केला तर गुंठ्याला ५०० रुपये. ओरड झाल्यावर झाडागणिक दर ठरला : माडाला २५० रुपये, पोफळीला ५०.

आजीच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं उत्तर मला शेवटी घरविम्यात नाही, तर नारळ विकास मंडळाच्या योजनेत सापडलं. २००९मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या या नारळ विमा योजनेत खरोखर माडाचाच विमा आहे, वादळासकट. नंतर सुधारलेल्या दरांनुसार १६ ते ६० वर्षांच्या माडाला हप्ता वर्षाला १४ रुपये, त्यातलाही चौथा हिस्साच शेतकऱ्याचा, आणि भरपाई १,७५० रुपये. अट मात्र अशी, की माड फळता हवा. ठेंगणी किंवा संकरित जात असेल तर चौथ्या वर्षापासून, उंच जात असेल तर सातव्या.

बाबांनी रोपं लावली होती ती आमच्याकडच्या उंच बाणवलीची. म्हणजे सात वर्षं ती कुठल्याच कागदावर नसणार.

घराची पॉलिसी आम्ही घेतली. बाबांनी तिची प्रिंट फाइलला लावली आणि मागच्या कोऱ्या पानावर नव्या रोपांची यादी लिहिली : कुठलं रोप, कुठल्या कोपऱ्यात, कोणत्या तारखेला. ती यादी कुठल्याही सर्व्हेअरला दाखवून उपयोग नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. २०२८ला लागेल."