धाव ते टायर : आषाढातल्या एका रात्रीचा धडा

गेल्या आषाढातली गोष्ट. व्याऱ्याहून रात्री नऊच्या सुमारास आम्ही घरी परतत होतो. गाडी मुलाची, चालवायला मी, मागच्या सीटवर सौभाग्यवती आणि तिच्या मांडीवर आठ वर्षांची नात झोपलेली. दुपारपासून पावसाने धरून ठेवले होते. पलसाणा दोन-तीन किलोमीटरवर राहिला असेल, तोच पुढच्या ट्रकने एकाएकी ब्रेक लावला. मीही लावला. पायाखाली ब्रेक थरथरला, पण गाडी थांबेना. साबणाच्या वडीसारखी ती घसरत गेली आणि ट्रकच्या फळीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. नात जागीसुद्धा झाली नाही. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महामार्गालगतच्या टायरच्या दुकानात गेलो. तिथे काम करणारा पोरगा शिंदखेड्याकडचा निघाला. चाकाशेजारी उकिडवा बसून त्याने खाचेतून बोट फिरवले आणि म्हणाला, "गुरुजी, चारी टायर गोटा व्हई ग्यात." मालक गुजराती. मी टायरची किंमत विचारली, तर त्यांनी उलट मलाच विचारले, "साहेब, गाडी क्यां वधारे चाले छे? ने चोमासामां बहार काढो छो?" गाडी जास्त कुठे चालते, आणि पावसाळ्यात बाहेर काढता का?

आयुष्यभर मराठी शाळेत इतिहास शिकवला, पण या दुसऱ्या प्रश्नात केवढा इतिहास दडला आहे, हे त्या दिवशी ध्यानात आले. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या दारात आता अशीच उंच बांध्याची लहान गाडी उभी असते. म्हणून हा प्रपंच.

आमचे पलसाणे हे दोन वाटांच्या छेदावरचे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग इथून जातो आणि हजिऱ्याहून निघून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणारा रस्ता त्याला इथेच छेदतो. जुन्या माणसांच्या तोंडी अजून आठ नंबर आणि सहा नंबरच आहेत. सरकारी कागदावर ते अठ्ठेचाळीस आणि त्रेपन्न झाले. गायकवाडांच्या काळात पलसाणे हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला महाल होता. धुळ्याची वाट तर त्याहून कितीतरी जुनी. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरचे मुक्काम लिहून ठेवले. त्यांत बारडोली आहे, नवापूर आहे, नंदुरबार, थाळनेर, चोपडाही आहे. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असे कौतुकही त्याने केले आहे. आज खान्देशातून सुरतेच्या कापड गिरण्यांत आलेली आपली माणसे दिवाळीला गावी जातात, ती थोड्याफार फरकाने याच वाटेने.

त्या काळी या वाटेवर बैलगाड्या चालत आणि लमाणांचे बैलांचे तांडे चालत. पण केव्हा? पावसाळा सरल्यावर. चार महिने काळ्या मातीचा चिखल आणि फुगलेले ओढे वाट बंद करून टाकत. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, ते उगाच नाही. प्रवासाला केव्हा निघायचे, हे ऋतू ठरवीत असे.

माझ्या आजोबांची शिरपूर तालुक्यात बैलगाडी होती. तिच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टा असे, त्याला आपल्याकडे 'धाव' म्हणतात. उन्हाळ्यात लोहार धाव चढवायला येई. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करायची, सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आवळले की आरे आणि तुंबा घट्ट होत. लाकूड उन्हाने आटले की धाव ढिली होई आणि वाटेत निखळे. म्हणून आजोबा पेरणीआधी चाकावर हातोडी वाजवून पाहत. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर लोहाराकडे. धाव म्हणजेच त्या काळचे टायर, आणि ते तपासायचे, तेही पावसाच्या आधी, हे आजोबांना कुणी शिकवले नव्हते.

रबराची कथा याच्याही आधी दूरदेशी सुरू झाली होती. कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली ते गंधकाबरोबर तापवून स्थिर करण्याची युक्ती शोधली. हवामानाला टिकणारे रबर हवे, ही गरज अशी टायरच्याही आधीची आहे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते विस्मरणात गेले. पुढे १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली आणि ती जगभर गेली. फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी १८९५ साली पॅरिस-बोर्डो शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार पळवली. वाटेत पंक्चरांनी ती बेजार झाली, पण मोटारही हवेवर चालू शकते हे दिसले.

या सोयीची किंमत दुसऱ्या कुणी मोजली, हेही सांगायला हवे. मागणी वाढताच बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या ताब्यातल्या काँगोत रबरासाठी माणसांचे हात तोडले गेले. त्याआधी १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या होत्या. तिथली रोपे सिंहलद्वीपला गेली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी केरळात रबराचे मळे उभे राहिले.

भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ साली हुगळीकाठी सहागंजला निघाला. मुंबईत शिवडीला फायरस्टोन आणि भांडुपला सिएट आले. मद्रासेत १९४६ साली खेळण्यातले फुगे करणाऱ्या मम्मेन मापिल्ले यांच्या छोट्या उद्योगातून एमआरएफ उभी राहिली, आणि पुढे गोव्यात फोंडा तालुक्यातही तिचा कारखाना झाला. खेड्यात बैलगाडीला रबरी चाके लागली, तेव्हा लोक तिला 'टायरगाडी' किंवा नुसतेच 'डनलॉप' म्हणू लागले. आमच्या चलथाणच्या आणि बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या मी पुष्कळ पाहिल्या. धावेने रस्ता कापला जाई, टायरने बैलांचे ओझे हलके केले.

मोटारीच्या टायरात खरा पालट घडला तो आतल्या दोऱ्यांच्या मांडणीने. आधी हे दोरे तिरपे, एकमेकांवर आडवे घातलेले असत. मिशलँने १९४६ साली पेटंट घेतलेल्या रेडियल टायरात ते काठापासून काठापर्यंत सरळ गेले आणि वर पोलादी पट्टा आला. टायर कमी तापू लागला, जास्त टिकू लागला, रस्त्याला नीट चिकटून राहू लागला. भारतात रेडियल १९७० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि १९८३ साली मारुती आल्यानंतरच्या काळात घरोघरच्या मोटारींत रुळले. पुढे १९९० च्या दशकात काजळीच्या जोडीला सिलिका मिसळू लागले. तिने ओल्या रस्त्यावरची पकड सुधारली आणि इंधनही वाचू लागले.

थंड देशांत ऋतुमानाप्रमाणे टायर बदलतात. फिनलंडमध्ये १९३४ सालीच बर्फासाठी वेगळे टायर निघाले. साधे रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागते, म्हणून तिकडे हिवाळ्याचा संच वेगळा. आपल्याला त्याची गरज नाही. पण आपले हवामान एकसारखे आहे, असे कोण म्हणेल? वैशाखात डांबर पाघळते, आषाढात रस्त्यावर पाण्याचा थर उभा राहतो, आणि मार्गशीर्षात पहाटे कोंडाईबारीच्या घाटात धुके असते. या सर्वांसाठी आपण एकच संच वापरतो.

तेव्हा तो निवडायचा कोणत्या दिवसासाठी? इथे दुकानदारांचा प्रश्न पुन्हा येतो. ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. खाचा उथळ झाल्या की पाणी सरत नाही, टायर त्यावर तरंगतो आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत नासाने विमानांच्या चाकांवर याचा अभ्यास केला. पाण्यावर तरंगण्याचा वेग मुख्यत्वे टायरातल्या हवेच्या दाबावर ठरतो, असे त्यात दिसले. दाब कमी, तर गाडी कमी वेगातच तरंगते. आपल्या कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण पावसात पकड त्याच्या बरीच आधी कमी होऊ लागते.

मुलाला जाड गठ्ठ्यांच्या नक्षीचे, जीपसारखे दिसणारे टायर हवे होते. गाडीला रुबाब येतो, हे खरे. पण असे टायर माती-दगडासाठी. डांबरावर ते आवाज करतात, इंधन जास्त खातात आणि ओल्या डांबरावर थांबायला सहसा अधिक अंतर घेतात. आमची गाडी वर्षभर डांबरावरच चालते. शेवटी रुंद उभ्या खाचांचे, रस्त्यावरचे साधे टायर घ्यायचे ठरले.

निवडताना टायरच्या बाजूवर लिहिलेले वाचायला शिकलो. २१५/६० आर १६ यात रुंदी मिलिमीटरमध्ये २१५, उंची त्या रुंदीच्या साठ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि सोळा इंची रिम. पुढचा आकडा वजन पेलण्याचा आणि अक्षर वेगाचे. ही दोन्ही गाडीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा कमी नसावीत. चार आकडी शिक्का तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतो. आमच्या जुन्या टायरवर २२१८ होते, म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नये, असे अनेक कंपन्याच सांगतात. म्हणून दुकानात नव्या टायरचाही शिक्का पाहून घ्यावा.

"दोनच टाका, बाकीचे दिवाळीनंतर," असे घरात निघाले. चार टायर म्हणजे सबंध दिवाळीचा खर्च. दोनच घेतले तर ते मागे बसवावेत, कारण पावसात मागची चाके सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरत नाही. पण आमचे चारही गोटा झालेले. त्या रात्रीचे हातभर अंतर आठवले आणि चारही घेतले. चाकांचे अलाइनमेंट करून घेतले आणि हवा गाडी थंड असताना, दारावरच्या पट्टीत दिल्याप्रमाणे भरली. सौभाग्यवतीची साडी यंदा राहिली. तिनेच ती राहू दिली.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालताना या वर्षी प्रथमच वाकून चारही चाके पाहिली. आजोबांच्या वेळी ऋतूच वाट बंद करी, म्हणून माणसे वाचत. आता रस्ता बारमाही झाला, आपणही बारमाही निघतो, आणि टायर मात्र कोरड्या दिवसाच्या हिशेबाने झिजवत बसतो. टायर आषाढातल्या रात्रीसाठी घ्यावा, उरलेले वर्ष तो आपोआप निभावतो.

भाऊबिजेला शिरपूरला जायचे आहे. नातीला खिडकीची जागा हवी आहे. कोंडाईबारी आली की मला उठवा, असे तिने आत्ताच बजावून ठेवले आहे.